जांघेतलं दुखणं, कोपनहेगनचा पेपर आणि १२१ पुरुष

"दादा, जांगेत दुखता माझ्या. चार दिवस झाले, धावाक जमना नाय. काय करू?"

माझ्या मामेबहिणीचा हा मेसेज. ती मालवणात, मी पीएचडीच्या हॉस्टेलवर. ती तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होती. त्याआधीच्या वर्षी मला स्वतःला हेच दुखणं होऊन गेलं होतं. त्यावरचा सगळ्यात गाजलेला पेपर मी वाचला होता आणि त्यातले व्यायाम करून बराही झालो होतो. त्यामुळे दहा मिनिटांत मी व्यायामांची पीडीएफ पाठवली आणि खाली लिहिलं, "लॅन्सेटमधला अभ्यास आहे, आठ आठवडे कर." मनातून जरा बरंही वाटलं. आपण वाचलेलं संशोधन घरच्या माणसाच्या कामी येतंय, असं आमच्याकडे रोज रोज होत नाही.

तिचं दुखणं वेगळं निघालं आणि ते व्यायाम तिच्यासाठी चुकीचे होते. काय झालं ते पुढे सांगतो. आजची पोस्ट मुख्यतः त्या पेपरवर आहे. पेपर वाईट आहे म्हणून लिहीत नाहीये, तो चांगला आहे. वाईट पेपरवर टीका करणं सोपं असतं, पहिल्या वर्षाच्या जर्नल क्लबमध्ये तेच चालतं. चांगला पेपर चुकीच्या माणसाच्या हातात कसा जातो हे बघायला जरा जास्त वेळ लागतो.

तर पेपर. १९९९ साली डेन्मार्कच्या पेर होल्मिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 'लॅन्सेट'मध्ये छापला. मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू, म्हणजे अ‍ॅडक्टर, जिथे जघनास्थीला चिकटतात तिथे खेळाडूंना दुखतं आणि ते दुखणं महिनोन्‌महिने जात नाही. त्यांच्याकडे आलेल्या ६८ खेळाडूंचं दुखणं सरासरी (नेमकं सांगायचं तर मीडियन) ४० आठवडे जुनं होतं. चाळीस आठवडे म्हणजे नऊ महिने. इतक्या काळात माणूस तेल, शेक, गोळ्या, विश्रांती, पुन्हा धावणं, पुन्हा लंगडणं हे सगळं करून बसलेला असतो.

या ६८ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, ३४ आणि ३४. एका गटाला त्या काळी चालणारी फिजिओथेरपी दिली: लेसर, स्नायूवर आडवं घर्षण करून मसाज, स्ट्रेचिंग, विजेचे सौम्य झटके देणारं यंत्र. दुसऱ्या गटाने स्वतः मेहनत करायची. पहिले दोन आठवडे पावलांमध्ये आणि मग गुडघ्यांमध्ये बॉल धरून दाबायचा, तीस सेकंद, दहा वेळा. पोटाचे व्यायाम, तोल सांभाळायच्या फळीवर उभं राहणं. तिसऱ्या आठवड्यापासून कुशीवर झोपून पाय उचलणं, एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाने वजन ओढणं, असं वाढत जाणारं काम. स्ट्रेचिंग मुद्दाम वगळलं होतं. उपचार आठ ते बारा आठवडे चालले. धावायची परवानगी सहा आठवड्यांनंतर, तीही दुखत नसेल तरच आणि हळू.

उपचार संपल्यावर चार महिन्यांनी तपासणी झाली. तपासणाऱ्याला कोण कोणत्या गटातला ते माहीत नव्हतं. न दुखता खेळायला परतलेले: व्यायामाच्या गटात २३, दुसऱ्या गटात ४.

तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर इथे थांबून एक काम करा. २३ आणि ४ हे कितीपैकी, ते विचारा. ६८ पैकी ५९ जणांनीच अभ्यास पूर्ण केला, व्यायामाच्या गटात २९ आणि दुसऱ्यात ३०. म्हणजे ७९ टक्के विरुद्ध १३ टक्के. पण मधेच गेलेल्या नऊ जणांचं काय? व्यायामाने त्रास वाढला म्हणून ते गेले असतील तर? हा संशय फेडायचा एक ओबडधोबड मार्ग आहे, वहीत एका ओळीत होतो. व्यायामाच्या गटातून गेलेले पाचही जण बरे झाले नाहीत असं धरा, आणि दुसऱ्या गटातून गेलेले चारही जण ठणठणीत झाले असं धरा. मग हिशेब होतो ३४ पैकी २३ आणि ३४ पैकी ८. म्हणजे ६८ टक्के विरुद्ध २४ टक्के. व्यायामाच्या विरोधात जितकं जाता येईल तितकं जाऊनही फरक उरतो. मला हा पेपर आवडतो तो या कारणाने.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. ऑड्स रेशो १२.७, पण कॉन्फिडन्स इंटरव्हल ३.४ ते ४७.२. फायदा आहे हे नक्की, पण किती आहे हे या आकड्यावरून सांगणं म्हणजे मालवणहून निघालेली एसटी कणकवलीला एक ते दहाच्या मधे कधीतरी पोचेल असं सांगण्यासारखं आहे. व्यायामवाले आठवड्यातून तीनदा यायचे आणि लहान गटात व्यायाम करायचे, दुसरे दोनदा यायचे आणि एकटे टेबलावर पडून राहायचे. आता जो फरक दिसला तो बॉल दाबण्याचा, की जास्त वेळा येण्याचा, की बरोबरच्या लंगड्या सोबत्यांमुळे आलेल्या हुरुपाचा? हे वेगळं काढता येत नाही. आणि तुलना कशाशी, तर लेसर आणि मसाजशी. त्यांचा स्वतःचा उपयोग किती, हाही प्रश्नच.

तरी मी म्हणेन की हे दोष चालण्यासारखे आहेत. आठ ते बारा वर्षांनी याच गटाने त्या ५९ जणांपैकी ४७ जणांना पुन्हा शोधून तपासलं, आणि तेव्हाही व्यायामाच्या गटाची आघाडी टिकून होती. इतक्या वर्षांनी जुने पेशंट शोधून काढणं म्हणजे काय कष्ट असतात, ते ज्याने सहा महिन्यांनी फॉलो-अपचे फोन केलेत त्याला विचारा.

आता माझं दुखणं. सुट्टीत घरी आलो की मी तारकर्लीहून देवबागच्या दिशेने पाण्याच्या कडेने धावायचो. ओहोटीला वाळू ओली आणि घट्ट असते, पाय रुतत नाही. कोरड्या मऊ वाळूत धावायला साधारण १.६ पट शक्ती लागते, हे १९९८ च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे, आणि ते मोजायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही. पण कडेची ती घट्ट पट्टी समुद्राकडे उतरती असते. एक पाय कायम खाली. मला जे झालं ते त्यामुळे झालं असं मला वाटतं. पुरावा शून्य. मी येताना रस्त्याने यायचो, म्हणजे दुसऱ्या पायाला उताराची पाळी कधी आलीच नाही, एवढंच म्हणू शकतो.

किनाऱ्यावर सल्ल्याला तोटा नसतो. रापण ओढणाऱ्या एका काकांनी माझी चाल बघूनच निदान केलं, "शीर चढली असतली. त्याल लावन् चोळ." महिनाभर चोळलं. मग फिजिओकडे गेलो. त्याने मला झोपवलं, मांडीच्या आतला तो दोरीसारखा स्नायू वरपर्यंत चाचपत नेला आणि हाडापाशी दाबलं. मी ओरडलो. मग गुडघ्यांमध्ये त्याची मूठ धरून दाबायला सांगितलं. पुन्हा तिथेच कळ. मग खुबा सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला, तिथे काही नाही. खोकायला लावून हर्निया तपासला, तोही नाही. या सगळ्याला वीस मिनिटं गेली आणि त्यानंतर व्यायाम सुरू झाले.

ती वीस मिनिटं मी पुढे साफ विसरलो. लक्षात राहिले ते व्यायाम.

आणि होल्मिकच्या पेपरमध्ये खरी जागा त्या वीस मिनिटांना आहे. त्या अभ्यासात शिरायला जांघ दुखणं पुरत नव्हतं. ठरलेल्या पद्धतीने तपासणी होऊन स्नायू हाडाला चिकटतो तिथे दाबल्यावर दुखलं पाहिजे, आणि विरोधात पाय जवळ आणताना दुखलं पाहिजे. बाकीची कारणं वगळली पाहिजेत. जे या दारातून आत आले त्यांच्यात ७९ टक्के. जे दारातच अडले त्यांच्याबद्दल पेपर एक शब्दही बोलत नाही. मी बहिणीला पीडीएफ पाठवली तेव्हा दार उचलून बाजूला ठेवलं होतं.

तिचं काय झालं ते सांगतो. भरतीत मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानीचे ५० गुण, त्यातले २० त्या ८०० मीटरचे. आमच्याकडे पावसाळाभर धावणं जवळपास बंद असतं. किनाऱ्यावर लाटा, रस्त्यावर चिखल, त्यात घरची लावणी. पाऊस थांबला, भरती निघणार अशी कुणकुण लागली, आणि ही शून्यावरून एकदम रोज सकाळ-संध्याकाळ धावायला लागली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जांघ दुखायला लागली. माझ्या पीडीएफवरचे व्यायाम तिने दोन आठवडे मनापासून केले, एका पायावरचे सुद्धा, आणि धावणंही पूर्ण थांबवलं नाही, कारण मी ते ठळक लिहिलंच नव्हतं. दुखणं वाढलं. मग चालताना दुखायला लागलं, मग रात्री. शेवटी मामी तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. एक्स-रे स्वच्छ आला. "स्नायू ताणलाय" असं सांगून परत पाठवलं. आणखी आठवड्याने दुसऱ्या एका डॉक्टरने खुबा आत फिरवून बघितला, ती कळवळली, आणि त्यांनी एमआरआय सांगितला. त्यासाठी गोव्याला जावं लागलं. मांडीच्या हाडाच्या मानेला चीर होती. स्ट्रेस फ्रॅक्चर.

मांडीचं हाड वर खुब्यात शिरण्याआधी जिथे वळतं ती मान. तिथे चीर खालच्या, दाबाच्या बाजूला असेल तर बहुतेक वेळा पायावर भार न देता ती भरून येते. वरच्या, ताणाच्या बाजूला असेल तर ती सरकून हाड पूर्ण मोडण्याचा धोका असतो आणि सहसा स्क्रू घालावे लागतात. सरकली आणि हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटला तर विशीतल्या माणसाचा खुबा कायमचा जाऊ शकतो. तिची चीर खालच्या बाजूला होती. कुबड्या घेऊन आठ आठवडे. त्या वर्षीची भरती गेली. यात माझ्या हुशारीचा वाटा काही नाही, चीर वर असती तरी मी तीच पीडीएफ पाठवली असती.

आणि या दुखण्याची जागा? जांघ. एक्स-रे सुरुवातीला बऱ्याचदा स्वच्छच दिसतो.

यानंतर मी साहित्य पुन्हा वाचायला बसलो, या वेळी उलट्या बाजूने. निष्कर्ष शेवटी, आधी 'अभ्यासात कोण होतं' हा भाग. २०१३ साली कॉक्रेनने जांघेच्या दुखण्यावरच्या विनाशस्त्रक्रिया उपचारांचा आढावा घेतला. कॉक्रेन म्हणजे जगभरचे प्रयोग गाळून घेणारी चाळणी. त्या चाळणीत किती अभ्यास उरले? दोन. एक होल्मिकचा ६८ जणांचा, दुसरा नेदरलँड्सचा ५४ जणांचा. एकूण १२२ खेळाडू. त्यातले पुरुष किती? एक सोडून सगळे. १२१.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत मागे टेकून बसलो. मी माझ्या बहिणीला ज्या पुराव्यावर सल्ला दिला, त्या सगळ्या पुराव्यात मिळून एक बाई होती.

बरं, नंतरचं? २०१९ साली नॉर्वेत एक मोठा प्रयोग झाला. त्यात एकच व्यायाम होता: जोडीदाराने वरचा पाय धरायचा आणि आपण कुशीवर अधांतरी राहून खालचा पाय वर आणायचा. 'कोपनहेगन' नावाने तो आता यूट्यूबवर सगळीकडे आहे. ३५ संघ, ६५२ खेळाडू. जांघेच्या तक्रारी २१.३ टक्क्यांवरून १३.५ टक्क्यांवर. उत्तम काम. आणि ६५२ च्या ६५२ पुरुष फुटबॉलपटू.

फुटबॉल आणि धावणं यांत फरक काय, असं एका ज्युनियरने मला विचारलं. दोन्हीत पळायचंच तर असतं. नाही. फुटबॉलवाला लाथ मारतो, झपकन दिशा बदलतो, पाय आडवा टाकून बॉल अडवतो. पाय आत खेचणाऱ्या स्नायूवर झटके बसतात. नियमित धावणारा सरळ रेषेत तीच हालचाल हजारो वेळा करतो. त्याचा स्नायू त्या मानाने सुखात असतो, हिशेब हाडाकडे जमा होतो. हाडाला रोजची झीज भरून काढायला वेळ लागतो, आणि भार भरपाईपेक्षा वेगाने वाढला की चीर पडते. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या एका क्रीडावैद्यक केंद्राने २००२ साली धावण्यातल्या दुखापतींचे २००२ पेशंट मांडले होते (आकडा आणि साल एकच, लक्षात ठेवायला सोपं). त्यात गुडघा सुमारे ४२ टक्के, खुबा आणि ओटीपोटाचा भाग मिळून जेमतेम ११ टक्के. म्हणजे धावणाऱ्याची जांघ दुखणं हेच मुळात कमी, आणि जे कमी असतं त्यावर प्रयोग होत नाहीत. मग आपण शेजारच्या खेळातला पुरावा उसना आणतो. उसना आणणं वाईट नाही. फक्त तो उसना आहे हे लिहायला हवं, आणि मी ते लिहिलं नव्हतं.

माझ्या बहिणीच्या जवळचं साहित्य दुसरीकडेच होतं: सैन्यात. विचार केला तर हे उघड आहे. भरतीसाठी पळणारी मुलगी कोपनहेगनच्या फुटबॉलपटूसारखी आहे, की अठराव्या वर्षी एकदम परेडवर उभ्या केलेल्या रंगरूटासारखी? १९८५ साली इस्राएलमध्ये २९५ नव्या सैनिकांवर लक्ष ठेवलं तर ३१ टक्क्यांना कुठे ना कुठे स्ट्रेस फ्रॅक्चर सापडलं. फिनलंडच्या सैन्यात १९७५ ते १९९४ या काळातल्या मांडीच्या मानेच्या सरकलेल्या फ्रॅक्चरचा अभ्यास आहे. तिथे १९८६ पासून प्रशिक्षकांना आणि डॉक्टरांना एक शिस्त लावली: रंगरूट जांघ दुखते म्हणाला की आधी हाड, मग बाकीचं. त्यानंतर हाड सरकायचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. ना नवं औषध, ना नवी शस्त्रक्रिया. संशय घ्यायचा क्रम बदलला.

हे पेपर मला आधी का सापडले नाहीत? कारण मी शोधताना 'रनर' आणि 'ग्रोइन पेन' असं टाकलं होतं. सैन्याचे पेपर 'फटीग फ्रॅक्चर' आणि 'रिक्रूट' या शब्दांखाली आहेत. एकच दुखणं दोन कपाटांत ठेवलेलं, आणि कपाटं वेगवेगळ्या विभागांत.

शब्दांचा हा घोळ त्या क्षेत्रातल्या लोकांनाही माहीत आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात दोहाला १४ देशांचे २४ तज्ज्ञ जमले, नुसती नावं ठरवायला. त्याआधी तज्ज्ञांना दोन काल्पनिक पेशंट लिहून पाठवले होते. साध्या पेशंटसाठी नऊ वेगवेगळी नावं आली आणि अवघड पेशंटसाठी अकरा. मग दोहात ठरलं की दुखणं चार भागांत सांगायचं: अ‍ॅडक्टरशी निगडित, इलिओप्सोअसशी, इंग्वायनल भागाशी आणि जघनास्थीशी. त्यानंतर खुब्याशी निगडित, आणि मग 'इतर'. आपल्या वर्तमानपत्रांत येणारं 'स्पोर्ट्स हर्निया' हे नाव वापरू नये असंही ठरलं. सूर्यकुमार यादवची जून २०२५ मध्ये म्युनिकला शस्त्रक्रिया झाली तेव्हा सगळीकडे तोच शब्द होता. दोहाला दहा वर्षं होऊन गेली तरी नाव हलत नाही. नावं समितीच्या ठरावाने मरत नाहीत.

दोहावर माझी एक तक्रार आहे. चार नावाजलेले कप्पे वर, आणि 'इतर' तळाला. त्या 'इतर'मध्ये काय काय आहे? स्ट्रेस फ्रॅक्चर, मुतखडा, वृषणाचा पीळ, खरा हर्निया, लसीकाग्रंथी सुजणं. म्हणजे ज्याने माणसाचं कायमचं नुकसान होऊ शकतं ते बहुतेक सगळं. क्लिनिकमध्ये बसलेल्या अनुभवी डॉक्टरला हे सांगावं लागत नाही, त्याच्या डोक्यात 'इतर' आधी येतं. पण तक्ता वाचणारा माझ्यासारखा माणूस वरून खाली वाचतो आणि पहिल्या कप्प्यात स्वतःला सापडला की थांबतो. तक्ता किती वेळा काय होतं या क्रमाने लावलाय. धोक्याच्या क्रमाने लावला असता तर तो वेगळा दिसला असता.

आता आपल्याकडची भाषा. हा भाग मला सगळ्यात अवघड वाटतो आणि यावर वाचायला फारसं मिळत नाही. 'जांघ' म्हणजे नक्की काय? काही जण मांडीच्या वरच्या भागाला जांघ म्हणतात, काही जण मांडी आणि पोटाच्या मधल्या घडीला. मालवणात कोणी 'जांगाड' म्हणेल. कोणी 'खुबा' म्हणून बोट कमरेच्या बाहेरच्या बाजूला ठेवेल, जिथे खुब्याचं दुखणं सहसा येतच नाही. सांध्याच्या आतलं दुखणं पुढे जांघेत येतं. अनवाणी वाळूवर धावताना कालवाची कड पायाला लागली, जखम चिघळली, आणि जांघेत गाठ आली तर त्याला आपल्याकडे 'अवधान' असा स्वतंत्र शब्द आहे. म्हणजे पायाची जखम आणि जांघेची गाठ यांचा संबंध आपल्या आज्यांना माहीत होता. पण हाडाच्या दुखण्याला असा शब्द नाही. ते 'शीर चढली' मध्ये जमा होतं, आणि शीर चढली की चोळतात.

त्यात मुली 'जांघ' म्हणतच नाहीत. माझ्या बहिणीने मला मेसेजमध्ये म्हटलं, कारण समोरासमोर नव्हतं. प्रशिक्षकांना तिने "पाय दुखतो" सांगितलं होतं. डॉक्टरांना आधी "मांडी". तिची पाळी चार महिने आली नव्हती, हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. दादाने ते कसं विचारायचं? पण जितकं खर्च होतंय तितकं पोटात जात नसेल तर शरीर आधी पाळी थांबवतं आणि हाडांची दुरुस्तीही मागे टाकतं. ऑलिम्पिक समितीने २०१४ साली यावर स्वतंत्र निवेदन काढलंय. वजन कमी झालं की पाय हलके होतील म्हणून ती रात्रीचा भात सोडून बसली होती. मामीला वाटत होतं पोरगी मेहनत करतेय.

तुमच्यापैकी कोणी प्रश्नावली तयार करत असाल तर हे लक्षात घ्या: 'तुम्हाला जांघेत वेदना होतात का? हो/नाही' या प्रश्नावर सिंधुदुर्गातल्या भरतीच्या मुलींकडून जो 'नाही' येईल, त्यात न दुखणाऱ्या, लाजणाऱ्या आणि दुखणं मांडीत धरणाऱ्या अशा तिघी एकत्र असतील. विश्लेषणात त्या वेगळ्या काढायला कुठलंही सॉफ्टवेअर नाही.

मग होल्मिकचे व्यायाम करायचे की नाही? करायचे. स्नायू हाडाला चिकटतो तिथे बोटाने दाबल्यावर नेमकं दुखत असेल, गुडघ्यांत बॉल दाबल्यावर तेच दुखत असेल, आणि कोणी जाणकाराने खुबा तपासून मोकळा केला असेल तर मी आजही तेच सांगेन. घाई न करता, धावणं थांबवून, दोन महिने धरून. पण दुखणं खोल असेल, बोट ठेवून जागा दाखवता येत नसेल, धावणं अलीकडेच एकदम वाढलं असेल, चालताना किंवा रात्री दुखत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद आणि हाडाचा संशय घेणाऱ्या डॉक्टरकडे. एका पायावर उड्या मारून घरी 'टेस्ट' करू नका. चीर असेल तर ती उडी महागात पडते. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून सुटलो असं समजू नका. आणि अचानक वृषणात कळ किंवा हर्नियाची गाठ आत जाईनाशी झाली तर तासांचा हिशेब असतो, ओपीडीच्या वाराची वाट बघायची नाही.

माझा स्वतःचा पीएचडीचा विषय हा नाही. पण गेल्या दिवाळीपासून मी आणि एक मैत्रीण, ती फिजिओ आहे, भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींची एक साधी नोंदवही करता येईल का ते बघतोय. आठवड्याला किती धावलं, कुठे (वाळू, रस्ता, मैदान), आणि कुठे दुखतंय. दुखणाऱ्यांची यादी करणं सोपं आहे. छेदात कोण घ्यायचं यावर गाडी अडते. पहाटे चिवल्यावर पळणारे किती, त्यातले सोडून गेलेले किती, आणि सोडून गेलेले दुखण्यामुळे गेले की नोकरी लागली म्हणून? सोडून गेलेलेच नेमके आपल्याला हवे असतात, आणि ते किनाऱ्यावर नसतात.

बहीण आता बरी आहे, पुन्हा धावते. पाळी आणि जेवण दोन्ही जागेवर आलंय. प्रश्नावलीचा पहिला मसुदा मी तिलाच दाखवला. तिने 'जांघ' शब्दाखाली रेघ मारली.

"ह्या कोण लिवचा नाय," ती म्हणाली. "तू बाईचा चित्र काढ, पुढसून आणि पाठसून. पेन दी. खूण करतले."

चित्र काढून झालंय. आता पुरुषांचं वेगळं काढायचं की दोघांना एकच, यावर आमचं अडलंय.